काष्ठौषधीचं दुकान: शिकेकाईला पैकीच्या पैकी, उन्हाच्या लेपाला भोपळा

सोलापूरकरांना ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. मार्च उजाडला की दुपारी स्कूटीच्या सीटवर बसवत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, आणि वरून बोअरचं पाणी इतकं जड की साबण लावला तर फेस कमी आणि चिकट थरच जास्त. त्यामुळं केसांसाठी, चेहऱ्यासाठी "काहीतरी नॅचरल वापर गं" हा सल्ला इथं ज्याच्या त्याच्या तोंडी. मी हे सगळं सामान मधल्या मारुतीच्या बाजूच्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणते, त्या दुकानाचाच हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण अर्धं कौतुक आहे अर्धी तक्रार, आणि ज्याची तक्रार आहे ती वस्तू आता बऱ्याच दुकानांत दिसायला लागलीय.

दुकान म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. मागं पत्र्याचे डबे, पोती, वेखंड आणि वाळ्याचा मिक्स वास. गादीवर काका, आणि मोबाईलचा क्यूआर कोड सांभाळत त्यांचा मुलगा. काका पुडी बांधायच्या आधी विचारतात "कशाला पायजे?" काही जणींना या प्रश्नाचा राग येतो, मला उलट याच प्रश्नासाठी ते दुकान आवडतं, पुढं सांगते का ते.

आधी शिकेकाई. तयार पावडर पण आहे पण मी अख्ख्या शेंगाच घेते, पाव किलो साठ-सत्तरला पडतात, त्यात थोडा रिठा आणि वाळलेला आवळा. शेंगा बी काढून रात्री लोखंडी कढईत भिजत घालायच्या, सकाळी उकळून हातानं कुस्करायच्या आणि मग जुन्या मऊ कपड्यातून दोनदा गाळायचं, दोनदाच, कारण ते भुस्सट एकदा केसात अडकलं की दिवसभर खांद्यावर पडत राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं कोंडा झालाय. शिकेकाई-रिठ्याचा फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिन या फेसाळ द्रव्यामुळं, साबणासारखा तो जड पाण्यात फाटत नाही, म्हणून आपल्या बोअरच्या पाण्याला हे बरोबर जमतं. शिवाय साबण अल्कली असतो, पीएच नऊ-दहाच्या घरात, आणि डोक्याची कातडी साधारण साडेपाचची, शिकेकाईचं पाणी जरा आंबटाकडं झुकणारं, त्यामुळं केस राठ होत नाहीत. रिठा मात्र बेतानंच, जास्त झाला तर केसांचा झाडू. आणि डोळे मिटूनच धुवा, शिकेकाई डोळ्यात गेली तर काय होतं हे आजीच्या हातून न्हालेल्या प्रत्येक पोराला माहितीये.

एक नंबर माल. किडलेल्या शेंगा नाहीत, माती नाही, पैकीच्या पैकी मार्क.

घाण्याचं खोबरेल पण तिथंच मिळतं, पत्र्याच्या डब्यातून मापानं काढून देतात. खोबरेलाची नुसती आजीबाईची महती नाहीये, 2003 साली मुंबईच्या मॅरिकोमधल्या रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात केसांतलं प्रोटीन धुताना कमी जातं असं फक्त खोबरेलाचं दिसलं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन्ही वरवर राहतात. आता पॅराशूट विकणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी खोबरेल चांगलं म्हणावं यात नवल ते काय, पण कारण पटण्यासारखं आहे आणि माझ्या केसांचाही तोच अनुभव. धुवायच्या आधी लावायचं हे महत्त्वाचं, धुतल्यावर लावून उन्हात फिरलं तर सोलापूरची सगळी धूळ डोक्यावर.

मेंदी घ्यायची तर राजस्थानच्या सोजतची मागा, त्या मेंदीला 2021 मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळालाय. काकांनी मला एकदा दोन प्रकारची मेंदी दाखवली, ओल्या पांढऱ्या कागदावर एकेक चिमूट टाकली आणि म्हणाले थांबा जरा. एकीच्या भोवती हळूहळू तांबूस-पिवळट ओल पसरली. दुसरीच्या भोवती लगेच पोपटी हिरवं पाणी सुटलं. "ताई, ही हिरवी दिसते छान, पण हा रंग मेंदीचा नाही, घातलेला आहे." शुद्ध मेंदी केस तांबूस-नारिंगीच करणार, काळे नाहीच. "काळी मेंदी" म्हणून जी पाकिटं मिळतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचा डायचा केमिकल असतो, ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांचं कपाळ, पापण्या सगळं सुजतं. काळाच रंग हवा तर आधी मेंदी आणि मग निळीच्या पानांची पूड, दोन टप्प्यांत, वेळखाऊ काम आहे पण होतं. पॅच टेस्ट मात्र नॅचरलला पण करा, कानामागं लावून दोन दिवस वाट बघा.

आता तो "कशाला पायजे" चा किस्सा. माझ्या पुढं एक कॉलेजची मुलगी होती, तिला बावची (एका झाडाच्या बिया) हवी होती. काकांनी विचारलं कशाला, तर म्हणाली चेहऱ्याला, इन्स्टावर बघितलंय, रेटिनॉलसारखं (ते सुरकुत्यांच्या क्रीममध्ये असतं ते) काम करतं. काकांनी पुडी बांधायची थांबवली. म्हणाले, "बाळा, हे कोडाचं औषध आहे, वैद्यानं सांगितलं तरच लावायचं. हे लावून उन्हात गेलीस तर फोड येतील." ती जरा चिडलीच, पण काका शंभर टक्के बरोबर होते. झालंय असं की क्रीममध्ये जे बाकुचिओल येतं ते बावचीपासून काढलेलं, शुद्ध केलेलं एकच द्रव्य असतं, आणि कच्च्या बावचीत किंवा तिच्या तेलात त्याच्यासोबत सोरालेन असतात, जी उन्हातल्या यूव्हीए किरणांशी मिळून कातडी अक्षरशः भाजतात. कोडावर तिचा उपयोग करतात तोच मुळी या गुणामुळं. म्हणजे चेहरा छान दिसावा म्हणून जे लावायचं त्यानंच उन्हात भाजायचं. लिंबाचंही तेच, आपलं कागदी लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात गेलं की सालीतल्या तेलातल्या अशाच द्रव्यांमुळं चट्टे उठतात आणि ते काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत, उन्हाळ्यात सरबत करून पोरं हात न धुता खेळायला पळतात त्यांच्या हातावर पण बघा कधी. हळद-लिंबाचा लेप दुपारी लावणाऱ्या मावशांनी हे वाचा प्लीज.

सीताफळाच्या बियांची पूड पण काका विचारल्याशिवाय देत नाहीत, उवांसाठी लोक नेतात आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. बार्शीकडं सीताफळं पुष्कळ म्हणून बिया पण घरोघरी, तेव्हा जपून.

उटण्याचं सामान ठीक. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, वाळा, सगळं वेगवेगळं घेऊन दळून घेता येतं, वास अप्रतिम. चंदनाची पूड म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यावर माझा विश्वास नाही, मी घेत नाही. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला बरी, कोरड्या चेहऱ्याला सोलापूरच्या कोरड्या हवेत अजिबात नको, चेहरा तडतडतो. कोरफड दुकानातली जेल घ्यायची गरजच नाही, कुंडीतलं पान कापा, पण कापल्यावर उभं धरून तो पिवळा चीक पूर्ण गळू द्या, त्यानंच खाज सुटते, आणि मग आतला पांढरा गर घ्या.

एवढं सगळं छान चाललेलं असताना यंदा गल्ल्याशेजारी नवीन डब्या मांडलेल्या दिसल्या. "हर्बल सन प्रोटेक्शन लेप". ही मुलाची आयडिया. चंदन, मंजिष्ठा, आंबेहळद, संत्र्याची साल आणि यशद भस्म, गुलाबपाण्यात कालवून लावायचं, वर लिहिलंय एसपीएफ 50, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा. मी विचारलं हा पन्नास आकडा कुठून आला, तर म्हणाला "मॅडम झिंक आहे ना त्यात, सनस्क्रीनमध्ये पण तेच असतं." डबी उलटी करून बघितली तर बॅच नंबर नाही, तारीख नाही, लायसन्स नंबर नाही. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणं हे सगळं लेबलवर असायला लागतं, म्हणजे कायद्यानं पण ती डबी विकता येत नाही.

झिंकचं तो बोलला ते अर्धं खरं आहे. यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच, आणि सनस्क्रीनच्या ट्यूबमध्येही झिंक ऑक्साइड असतं. पण ट्यूबमध्ये ते इतकं बारीक आणि सारखं मिसळलेलं असतं की चेहऱ्यावर एकसलग पापुद्रा बसतो, घरी वाटीत कालवलं की त्याच्या गुठळ्या होतात, मध्ये मध्ये मोकळ्या जागा राहतात, आणि ऊन त्या मोकळ्या जागेतूनच आत येतं. एसपीएफचा आकडा काय घटक घातलेत त्यावरून लिहायचा नसतो, माणसांच्या पाठीवर ठरलेल्या जाडीचा थर लावून, दिव्याखाली कातडी किती वेळात लाल होते ते बघून काढतात. ते न करता छापलेला पन्नास हा नुसता आकडा. मी तरी एक डबी घेऊन हातावर लावून बघितली, वाळल्यावर पोपडे धरले आणि सात रस्त्यापर्यंत जाईस्तोवर घामाबरोबर निम्मा लेप कोपरापर्यंत ओघळला. चेहऱ्याला लावायची हिंमत केली नाही, माझ्या गालावर आधीच वांग आहे.

खोबरेलाला एसपीएफ सात-आठ असतो हे व्हॉट्सॲपवर फिरतं त्याचंही तेच. तो आकडा 2010 च्या एका भारतीय अभ्यासातला आहे, तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून यंत्रानं मोजलेला, कुणाच्या अंगावर लावून नाही. आणि खराच सात धरला तरी सोलापूरच्या मे महिन्याला सात पुरतोय होय?

तर उन्हासाठी मी मेडिकलमधून ट्यूबच घेते. बघायचं काय, एसपीएफ 30 किंवा 50, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं, आणि पीए (PA) या खुणेच्या पुढं तीन-चार प्लस. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी या उन्हातल्या दुसऱ्या प्रकारच्या किरणांचं सांगतो, पीए यूव्हीएचं, आणि यूव्हीए खिडकीच्या काचेतून पण येतो, त्यामुळं कारमध्ये बसलो म्हणजे सुटलो असं नाही. तीस साधारण सत्त्याण्णव टक्के यूव्हीबी अडवतो आणि पन्नास अठ्ठ्याण्णव, म्हणजे फरक एवढुसाच, खरा फरक पडतो तो किती लावता त्यानं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर पूर्ण रेघ ओढाल इतकं. आपण लावतो वाटाण्याएवढं आणि मग म्हणतो सनस्क्रीन काम करत नाही. बाहेर असाल तर दोन तासांनी परत, घाम पुसला असेल तर त्याआधीच.

झिंकवाल्या ट्यूबा सावळ्या रंगावर पांढऱ्या दिसतात, मी पहिली लावली तेव्हा गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसत होते. टिंट, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा, असलेली घेतली तेव्हा जमलं, आणि वांग असलेल्यांना टिंटवालीच जास्त बरी, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही थोडा अडवतं आणि सावळ्या कातडीवर वांग त्या उजेडानंही गडद होतं. केमिकल म्हणून घाबरणाऱ्यांसाठी, झिंक ऑक्साइड खनिजच आहे, आणि बावची शंभर टक्के वनस्पती. गोरेपणाच्या क्रीमच्या नादाला मात्र लागू नका, 2014 मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं तपासलेल्या अशा क्रीमपैकी कितीतरींत पारा सापडला होता.

ट्यूब महाग आहे, मान्य, पन्नास ग्रॅमला चार-पाचशे जातात आणि घरात तिघी लावणाऱ्या असल्या की महिनाही टिकत नाही. म्हणून मी अंग कपड्यानं झाकते आणि ट्यूब फक्त चेहरा, मान, हातासाठी ठेवते. स्कार्फ पातळ पांढऱ्या ओढणीचा नको, त्यातून ऊन बरंच आत येतं. विणीचा घट्ट, जाडसर, गडद रंगाचा कपडा घ्या, आपल्याकडं टॉवेल-नॅपकिनच्या कारखान्यांचा तोटा नाही, सोलापुरी नॅपकिन डोक्यावरून मानेपर्यंत घेतला की काम फत्ते, मिल कामगार उगाच घ्यायचे का. आणि आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसत असेल तेवढ्या वेळात शक्यतो बाहेरच पडू नका.

मुलाला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला "मॅडम, लोक मागतात." काकांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी गेले तर डब्या होत्याच, फक्त गल्ल्याजवळून मागच्या फळीवर गेल्या होत्या.

दुकानाला पाचपैकी चार, लेपाला शून्य. गर्दी टाळायची तर सकाळी दहा-साडेदहाला जा, दुपारी काका जेवायला जातात आणि मग मुलगाच असतो. गाडी आत गल्लीत नेऊ नका, रिव्हर्स घेताना घाम फुटतो. पिशवी घरून न्या, आणि शिकेकाई घेताना बी काढलेली हवी असं आधीच सांगा, किलोमागं थोडे जास्त घेतात पण नखं वाचतात.