स्वरचक्र: लहान स्क्रीन, एक अंगठा आणि मराठी

माझा फोन जुना, स्क्रीन अरुंद, आणि बरंचसं लिखाण लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने कडी धरून. त्यामुळे कीबोर्ड एका अंगठ्याने चालला पाहिजे, ही पहिली अट. पावसाळ्यापासून स्वरचक्र वापरतोय. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला हा कीबोर्ड २०१३ पासून लोकांच्या हातात आहे, तरी ओळखीच्यांपैकी फार थोड्यांना माहीत.

आधी सगळ्यांसारखं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. 'के-ए-एल-ए' दाबलं की कला, कळा, काळा, काला यांतलं हवं ते वेचत बसायचं. 'न'चा 'ण' करायची कटकट वेगळीच.

इथे बटणं वर्णमालेच्या क्रमाने आहेत. 'क'वर अंगठा टेकवला की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हव्या मात्रेकडे बोट सरकवून उचलायचं, झालं. नेहमीच्या मात्रांना वेगळी बटणंच नाहीत, म्हणून एवढ्याशा जागेत सगळी व्यंजनं मावतात. खरी गंमत जोडाक्षरांत. 'ष'च्या चक्रातून हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) निवडला की अख्खा कीबोर्ड बदलतो आणि 'ट'च्या जागी 'ष्ट' तयार दिसतो. 'ज्योत्स्ना' लिहायला इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कीबोर्डवर दहा बटणं दाबावी लागतात. इथे पाच वेळा बोट टेकवून सरकवलं की पुरे.

पहिले दोन आठवडे मात्र वैताग येतो, हे आधीच सांगतो. वेग निम्म्यावर येतो, चक्र अंगठ्याखाली झाकलं जातं. मग हळूहळू मात्रांच्या दिशा हातात बसतात आणि चक्राकडे बघावं लागत नाही. 'ड' आणि 'ढ' यांची गल्लत माझ्याकडून अजून होते, पण एवढ्या अरुंद स्क्रीनवर जाड अंगठ्याचं दुसरं काय होणार!

आईने इंग्रजी कीबोर्डला कधी हात लावला नव्हता. तिला हा दिला, तर 'ठ' कुठे असेल हे विचारावंही लागलं नाही. आता नात्यातल्या ग्रुपवर सर्वांत लांब मेसेज तिचेच असतात. (हे चांगलं की वाईट, यावर घरात दोन मतं आहेत.)

'हो', 'येतो', 'निघालो' एवढंच लिहायचं असेल तर बोलून टाइप करा, ते जलद पडतं. परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्याने महिनाभर तरी चिकाटीने हा वापरून बघावा. जुना कीबोर्ड काढू नका, पासवर्ड आणि ईमेलसाठी तो हाताशी असू द्या.