आतड्यातील जीवाणूंच्या नजरेतून: लांब पल्ल्याचे धावणे की रोजची टेकडी?

व्यायाम करायचा हे ठरले आहे, त्यात पोटाचेही भले व्हावे अशी इच्छा आहे, पण मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या गटात नाव घालावे की रोज तासभर झपाझप टेकडी चढून यावे, हे ठरत नाही, अशा वाचकांसाठी हा आढावा आहे. मी काही हंगाम पहिला मार्ग धरला होता आणि आता दुसऱ्यावर आहे. त्यामुळे माझा कल लपणार नाही. तरीही धावण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

धावणाऱ्यांच्या गटात हमखास सांगितला जाणारा पुरावा बॉस्टनचा आहे. 2015च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील धावपटूंच्या विष्ठेचे नमुने तपासले असता शर्यतीनंतर व्हेलोनेला नावाच्या जीवाणूंचे प्रमाण वाढलेले दिसले. स्नायूंच्या श्रमातून तयार होणाऱ्या लॅक्टेटवर हे जीवाणू जगतात आणि त्याचे प्रोपिओनेट, म्हणजे एक छोटे मेदाम्ल, बनवतात. त्यातला एक वाण उंदरांना दिला, तेव्हा ते ट्रेडमिलवर सुमारे 13 टक्के अधिक वेळ धावले. 2019मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन मोहक आहे यात शंका नाही, पण शेवटी धावले ते उंदीर. त्याआधी 2014मध्ये आयर्लंडच्या 40 व्यावसायिक रग्बीपटूंच्या आतड्यांत जीवाणूंची विविधता अधिक आढळली होती. मात्र त्यांच्या ताटातील प्रथिनेही इतरांहून बरीच जास्त होती, त्यामुळे श्रेय मैदानाला किती आणि ताटाला किती द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

आपल्यासारख्यांना अधिक लागू पडणारा प्रयोग मला इलिनॉय विद्यापीठाचा वाटतो. तिथे बैठी जीवनशैली असलेल्या 32 जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत 30 ते 60 मिनिटे, दम लागेल असा व्यायाम करायला लावला आणि आहार बदलू नये असे सांगितले. आतड्याच्या अस्तराचे पोषण करणारे ब्युटिरेट तयार करणारे जीवाणू वाढले. सडपातळ व्यक्तींमध्ये हा बदल ठळक होता, स्थूल व्यक्तींमध्ये कमी. पुढे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवल्यावर मात्र बहुतेक कमाई विरून गेली. यातून मी काढलेला अर्थ असा की अंतरापेक्षा सातत्याला महत्त्व आहे, आणि तासाभरात काम भागत असेल तर तीन तास कशाला, हे विचारण्यात आळस नाही.

शिवाय पल्ला लांबला की पोटाचे गणित बदलते. जोरकस श्रमात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्याचा पुरवठा आटतो, त्यात उकाडा आणि धावण्यातील सततचे हिसके यांची भर पडते. साधारण दोन तासांच्या पुढे आतड्याच्या अस्तराला त्रास होण्याचा संभव वाढतो, आणि शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची जी सवय काहींना असते ती हे नुकसान वाढवते. सायकलीवर हिसके कमी बसतात, म्हणून खालच्या पोटाच्या तक्रारीही कमी असतात.

माझा निर्णय मात्र शनिवारच्या जेवणाने झाला. रविवारी पहाटे लांब पल्ला असे, आणि बाराव्या-पंधराव्या किलोमीटरला पोटात कळ आली की त्या वेळी उघडे स्वच्छतागृह शोधणे हा धावण्याहून अवघड प्रकार असतो. यावर गटातील अनुभवी मंडळींचा उपाय ठरलेला होता: आदल्या दिवशी उसळ नको, भाकरी नको, काकडीची कोशिंबीर नको. पांढरा भात, ब्रेड, फार तर पिकलेले केळे, आणि वाटेत ताकदीसाठी ओठांना चिकटणारे ते गोड जेल. उपाय लागू पडत असे, तक्रार ती नाही. पण शर्यत जवळ आली की हे पथ्य शुक्रवारपर्यंत मागे सरकत असे, आणि घरात मोड आलेली मटकी माझ्यावाचून संपत असे. आतड्यातील जीवाणूंचे खाद्य म्हणजे हाच चोथा. ज्यांच्यासाठी पहाटे उठायचे त्यांनाच दर आठवड्याला उपाशी ठेवायचे, हे मला पटेना. सर्वांचे असे होत नसावे. सरावाने पोटालाही धावताना खाण्याची सवय लागते, आणि काही भाग्यवान मिसळ खाऊनही दुसऱ्या दिवशी निवांत धावतात.

टेकडीच्या बाबतीत हे पथ्यच उरत नाही. रात्री ज्वारीची भाकरी आणि उसळ खावी, सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीचा चढ असा गाठावा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. माझे पोट धावण्याच्या दिवसांपेक्षा आता अधिक नियमित आहे. यामागे व्यायाम किती आणि भाकरी किती, हे मला वेगळे काढता येणार नाही, आणि काढण्याची गरजही वाटत नाही. उणिवा आहेतच. पावसाळ्यात मुरुमाची वाट निसरडी होते, उतरताना गुडघे कुरकुरतात, आणि शर्यतीची तारीख डोक्यावर नसल्याने दांडी मारणे फार सोपे जाते. गप्पांच्या ओघात दर वळणावर थांबणारी टोळकी मिळाली, तर दम लागण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्याबरोबर जाण्यात इतर पुष्कळ फायदे असतील, पण वरच्या प्रयोगातला फायदा मिळेलच असे नाही.

आतड्याचा जुना आजार असलेल्यांनी दोहोंपैकी काहीही डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. ज्यांना धावण्याचीच हौस आहे, त्यांनी माझ्या सांगण्यावरून बूट काढून ठेवू नयेत. दहा किलोमीटरपर्यंतच्या धावण्यासाठी मला आदल्या दिवसाचे ताट कधी बदलावे लागले नाही. त्यापुढे जायचे असेल, तर नाव नोंदवण्याआधी एखादा लांब पल्ला नेहमीचे जेवण जेवून धावून पाहावा आणि पोट काय म्हणते ते ऐकावे.