गोव्याचा निऑन की कोरं पाकीट? ईपीच्या कव्हरचं काय करायचं ते बघू

माझे दोन मावसभाऊ बेळगावच्या शहापुरात माडीवर बसून चार ट्रॅकची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, करतायत, हार्ड टेक्नो म्हणजे मशीनच्या जोरकस ठोक्यांचं डान्स म्युझिक, मधेमधे ताशाचे रेकॉर्ड केलेले तुकडे, आणि मिक्सिंग व्हायच्या आधीच कव्हरवरून दोघांचं वाजलंय. थोरल्याला गोवा ट्रान्ससारखं झगमगीत फ्लुरोसंट पाहिजे, धाकटा म्हणतोय काही नको, साधं पाकीट आणि वर एक शिक्का, बास. मी लग्नपत्रिका आणि पाकिटांच्या छपाईत असतो आणि या कव्हरांचा नाद मला कॉलेजपासून आहे, म्हणून दोघं माझ्याकडे आले. त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण आता खानापूर निपाणीकडं पण बरीच पोरं घरात लॅपटॉपवर ट्रॅक करतायत आणि कव्हरपाशी येऊन सगळ्यांचंच अडतंय.

पहिलं म्हणजे डान्स म्युझिकच्या कव्हरचं काम गायकाचा चेहरा दाखवायचं नाही, बहुतेक वेळा गायकच नसतो की. आत कसला आवाज आहे हे प्ले दाबायच्या आधी कळलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. ऐकणाऱ्यांचे डोळे या खुणांना सरावलेले असतात, त्यामुळे टेक्नोवर ट्रान्सचं कव्हर चढवलं तर ज्याला टेक्नो पाहिजे तो पुढं जातो आणि ज्याला ट्रान्स पाहिजे तो अर्ध्या मिनिटात बंद करतो.

आता धाकट्याचं कोरं पाकीट. ही फॅशन म्हणून आली नाही, कामातून आली. क्लबसाठी १२ इंची सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, निघायच्या, एका बाजूला एखादंच गाणं असल्यानं खाचा रुंद ठेवता यायच्या आणि बेस मोठा, खोल बसायचा. असली रेकॉर्ड डीजेसाठी असायची, घरात शोकेसमध्ये ठेवायला नाही, म्हणून मधे गोल भोक पाडलेलं एकसारखं पाकीट आणि त्या भोकातून दिसणारं रेकॉर्डवरचं लेबल. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी प्रमोशनच्या कॉप्या जायच्या त्यांचं लेबल तर नुसतं पांढरं, वर पेनानं किंवा रबरी शिक्क्यानं नाव नाहीतर नुसता नंबर. त्यातनं ‘व्हाइट लेबल’ हा शब्द पडला, आणि पुढं डेट्रॉइट बर्लिनच्या टेक्नोवाल्यांनी हीच कमीत कमीची भाषा आपली करून टाकली. नाव लहान, चेहरा नाही, कॅटलॉग नंबर, म्हणजे ही कितवी रेकॉर्ड त्याचा आकडा, मात्र पाहिजेच. तो नंबर लई महत्त्वाचा, ००१ लिहिलं की वाचणाऱ्याला आपोआप कळतं, अजून येणार आहेत.

पण कोरं म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका. न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचं १९८३ सालचं ‘ब्लू मंडे’ घ्या, डिझायनर पीटर सॅव्हिलनं पाकीटच फ्लॉपी डिस्कसारखं केलं, समोर बँडचं नाव नाही की गाण्याचं नाही, ती माहिती कडेच्या रंगीत चौकोनांच्या कोडमध्ये. दिसायला एकदम साधं, पण डाय कटिंगनं, म्हणजे साच्यानं भोकं पाडून घेण्यानं, खर्च एवढा वाढला की नंतरच्या कॉप्यांना ती भोकं ठेवलीच नाहीत. आपल्याकडंही तेच, क्राफ्ट कार्डावर काळा एक रंग स्वस्तात होतो, पण भोक पाडायचं म्हटलं की डाय बनवावी लागते आणि शंभर पाकिटांवर तिचा खर्च वाटला तर अंगावर येतो. वर साध्या पाकिटात चूक लपत नाही, शिक्का दोन मिलिमीटर वाकडा बसला तरी पहिलं तेच दिसतं.

थोरल्याचा निऑन मला समजतो. आपण चोर्ला घाट उतरलो की गोवा, आणि हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून नव्वदीत जो आवाज जगभर गेला त्याच्या नावातच गोवा आहे. त्याची कव्हरं म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेले फ्रॅक्टल म्हणजे परत परत उमटत जाणारी नक्षी, ओम, शंकर, परग्रहावरची माणसं, सगळं जांभळ्या हिरव्या नारंगीत. कारण सरळ आहे, पार्टीत काळा दिवा, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, लावलेला असायचा आणि मागच्या पडद्यांचे फ्लुरोसंट रंग त्यात पेटायचे, कव्हरवर तेच उतरलं.

फोनवर हे लई उठून दिसतं. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, त्यामुळे पोपटी हिरवा डोळ्यात घुसतो. गोची छपाईत होते. एकदा मी एका कार्यक्रमाचं पोस्टर असल्याच हिरव्यात केलं, स्क्रीनवर बघून सगळे खूश, आणि छापून आलं तर शेवाळासारखा मळकट हिरवा. प्रेसची काही चूक नव्हती, फोर कलरच्या चार शाईंत तो रंग बसतच नाही. खरा निऑन पाहिजे तर फ्लुरोसंट शाई वेगळी, पाचवा रंग म्हणून किंवा स्क्रीन प्रिंटिंगनं मारावी लागते, आणि उन्हात ठेवलं की तो लवकर उडतो हेही लक्षात ठेवा. दुसरं, देवाचं चित्र. परदेशी रेकॉर्ड कंपन्यांनी ते सर्रास वापरलं, पण आपल्याकडं हातोहात वाटलेलं तेच कार्ड मंडपात पायाखाली येणार, कुणाच्या मागच्या खिशात जाणार. मला ते बरं वाटत नाही, मी करूनही देणार नाही.

तिसरा रस्ता दोघांच्या डोक्यात नव्हता, मीच काढला. इंग्लंडमधल्या शेफील्डचा डिझायनर्स रिपब्लिक हा डिझाइन स्टुडिओ, १९८६ पासूनचा, वॉर्प रेकॉर्ड्स या इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या कंपनीसाठी त्यांनी जी कव्हरं केली त्यात बारकोड, खोटे लोगो, सूचनांच्या पाट्यांसारखा मजकूर, कारखान्याच्या खोक्यावर असतो तसला. अक्षरंच चित्र. बेळगावात बसून हे करायला किती माल आहे बघा, खडेबाजारात उभं राहून नुसतं वर बघितलं तरी कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्ही एकाच पाटीवर, कन्नडची गोलाई आणि खाली आपली शिरोरेषा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या ‘अनेक’ नावाच्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही एकाच घराण्यातले मिळतात, अरुंद ते रुंद सगळ्या मापांत, फुकट. मला स्वतःला हा रस्ता सगळ्यात आवडतो, पण वेळ खातो, आणि ज्याची मजा बारीक मजकुरात आहे ते फोनवर नखाएवढ्या चौकोनात मरतं. पहिल्या ईपीला एवढं अंगावर घेऊ नका.

मुखवटा नाहीतर लोगो, म्हणजे डाफ्ट पंकचे हेल्मेट, डेडमाऊसचं उंदराचं डोकं, ते एका कव्हरचं काम नाही. वर्षानुवर्षं तेच दाखवत राहिलात तर चालतं. तूर्त सोडा.

आता फोन आणि हात असं समोरासमोर ठेवून बघू. स्ट्रीमिंगला चौकोनी फाइल लागते, ३००० बाय ३००० पिक्सेल करून ठेवा, वर वेबचा पत्ता, किंमत, फोन नंबर काही टाकायचं नाही, परत पाठवतात. तीच फाइल ३०० डीपीआयला फक्त १० इंच छापते, म्हणजे १२ इंची पाकिटाला पुरत नाही, छपाईची फाइल पहिल्यापासून वेगळी करा आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडा. फोनवर निऑन जिंकतो, कोरं पाकीट पांढऱ्या यादीत हरवतं. हातात मात्र उलटं, जाड क्राफ्ट कार्डावर शाईचा शिक्का बोटाला लागतो, आणि फोर कलरवर लॅमिनेशन मारलेलं कार्ड पत्रिकांच्या ढिगात अजून एक पत्रिका.

भावांनो, तुमची ईपी हार्ड टेक्नो आहे, शंभर कार्डं पेन ड्राइव्हसकट हातोहात वाटायची आहेत, तर माझं मत धाकट्याच्या बाजूनं, थोरल्याचं एक मागून घेऊन. पाकीट काळं, त्यावर एकच फ्लुरोसंट नारंगी स्क्रीन प्रिंटिंगनं, आणि तो पण नुसता शिक्का नि नंबर. काळ्या कागदावर फ्लुरोसंट सरळ मारला तर मंद पडतो, खाली आधी पांढऱ्याचा एक हात द्यायला सांगा म्हणजे पेटतो. फोनसाठी तोच शिक्का चौकोनभर मोठा करा, कडेनं कापला गेला तरी चालेल, यादीत तो नारंगी एकटाच दिसेल.

शिक्क्यात नाव देवनागरी आणि कन्नड दोन्हीत घ्या, दोन्ही समान मापात. फक्त छपाईची स्क्रीन काढायच्या आधी कन्नड वाचणाऱ्या कुणाला तरी कागदावर दाखवा, कन्नडची खाली लटकणारी जोडाक्षरं फॉन्ट बदलला की तुटतात, आणि बारीक असली तर शाईनं भरून जातात. आपले रफार नि उकार पण तसेच. प्रूफ एकच काढा, पण त्याच कागदावर, त्याच शाईत.