अपोस्टिल करून देणारी पुण्यातील एक एजन्सी: दर, सेवा आणि काही हरकती

माझ्या भाचीला पतीकडे नेदरलँड्सला जायचे असल्याने तिचा जन्म दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पुढेमागे नोकरीसाठी लागेल म्हणून पुणे विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र, अशा कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण, करून घेण्याचे काम आम्ही पुण्यातील एका खाजगी एजन्सीकडे सोपवले होते. काम व्यवस्थित झाले आणि मूळ प्रती सुखरूप परत मिळाल्या. मात्र आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे ग्राहकाला आधी ठाऊक असलेले बरे.

परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाचे अपोस्टिलचे शासकीय शुल्क प्रत्येक कागदामागे अवघे 50 रुपये आहे. अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या अधिकृत संस्थांमार्फत द्यावे लागतात, आणि 2019 पासून हे काम दिल्लीपुरते न राहता मुंबईसह इतर शहरांतूनही होते. मग एजन्सी दर कागदाला काही हजार रुपये घेते ते आधीच्या टप्प्याचे. जन्म-विवाहाचे दाखले राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून आणि शैक्षणिक कागद राज्याच्या शिक्षण विभागाकडून प्रमाणित व्हावे लागतात. पदवीच्या बाबतीत त्याआधी विद्यापीठाच्या पडताळणीचीही भर पडते. ही धावपळ हेच एजन्सीचे खरे काम असताना दरपत्रकात मात्र सगळी रक्कम ‘अपोस्टिल शुल्क’ या एकाच ओळीत दाखवली होती. रकमेची फोड मिळाली, पण मागितल्यावर. दिल्लीतील उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून साक्षांकन करून घेण्याचा जवळचा मार्गही आम्हाला सुचवण्यात आला. तो नियमबाह्य नाही. तथापि पदवीवर राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का हवा, असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो, ही बाब त्यांनी आपणहून सांगायला हवी होती.

कौतुक करायचे ते कागद स्वीकारणाऱ्या बाईंचे. कोणता देश, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. 1961 च्या हेग करारातील देशांमध्येच अपोस्टिल चालते आणि भारतासाठी हा करार 2005 पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत त्यात नसल्यामुळे तिथे दूतावासाचे साक्षांकन लागते. सौदी अरेबियात 2022 पासून आणि कॅनडात 2024 पासून करार लागू झाल्याने आखातात किंवा टोरांटोत पूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांचा सल्ला आज उपयोगी पडेलच असे नाही. जर्मनी करारात असूनही तिने भारताच्या प्रवेशाला आक्षेप नोंदवलेला आहे, त्यामुळे तिथे आपले अपोस्टिल चालत नाही. हे सारे त्या बाईंना तोंडपाठ होते.

त्यांनी पदवी प्रमाणपत्र उजेडापुढे धरून त्यावर लॅमिनेशन नाही ना, हे पाहिले, कारण तसा कागद पुढे घेतला जात नाही. त्यानंतर त्या नावांकडे वळल्या. जन्म दाखला माहेरच्या नावाचा आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते, त्यामुळे परक्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या स्त्रिया वाटल्या तर नवल नाही. विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावे असल्याची खात्री करूनच त्यांनी कागद ताब्यात घेतले. अपोस्टिल हे सही, पद आणि शिक्का यांच्या खरेपणाची ग्वाही देते, मजकुराची नाही. म्हणून दाखल्यातील स्पेलिंगची चूक असेल तर ती आधी महापालिकेतूनच दुरुस्त करून आणावी, हेही त्यांनी बजावले. एवढी बारकाई मी सरकारी खिडकीवर क्वचितच पाहिली आहे.

हरकती दोन आहेत. मूळ पदवी प्रमाणपत्र परक्याच्या हाती देताना मिळालेल्या पावतीवर केवळ कागदांची संख्या लिहिलेली होती, प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता; तो आम्ही आग्रहाने लिहून घेतला. आणि परत आलेल्या जन्म दाखल्याला पासपोर्टची झेरॉक्स चक्क स्टेपल केलेली होती. स्टेपलची पिन निबंधकांच्या शिक्क्याच्या कडेला घुसली होती, बोटभर आत असती तर शिक्काच फाटला असता. कागदामागील स्टिकरवरचा क्रमांक आम्ही मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासला, तिन्ही नोंदी बरोबर निघाल्या. पदवीसाठी मी याच एजन्सीकडे पुन्हा जाईन. जन्म-विवाहाच्या दाखल्यांसाठी मात्र मुंबईत राहणाऱ्याने राज्य शासनाच्या मंत्रालयात स्वतः जाऊन चौकशी करावी आणि पुढे अधिकृत संस्थेकडे थेट अर्ज द्यावा, त्यात बरेच पैसे वाचतात.