नको असलेला सॉकेट: झाकायचा, बुजवायचा की मुळापासून काढायचा?

घराचं काम निघालं की जुने बोर्ड डोळ्यांत खुपायला लागतात. एक पलंगामागे अडकलेला, एक टीव्हीची जागा बदलल्यावर उघडा पडलेला, एक ओट्यावर नळाच्या अगदी शेजारी. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये फूटभर भिंतही मोलाची, आणि कपाट लावायचं तर बोर्ड नेमका तिथेच. मग गवंडी सहज म्हणतो, "बुजवून टाकू, वर पुट्टी मारली की कळणारही नाही." मला भीती वाटते ती या 'कळणारही नाही'चीच.

गिरगावातल्या आमच्या जुन्या घरात बाबांचा फोटो लावायला भाऊ ड्रिल घेऊन स्टुलावर चढला. भिंत कोरी होती, आसपास बोर्ड नाही, बटण नाही. ड्रिल जेमतेम इंचभर आत गेलं असेल, फट्‌ असा आवाज झाला आणि घरातले सगळे दिवे गेले. बिटाचं टोक वितळून काळं पडलं होतं. पायात रबरी चप्पल होती आणि ड्रिलची बॉडी प्लॅस्टिकची होती, म्हणून तो वाचला असं मी मानते. प्लास्टर फोडलं तेव्हा आत गंजलेला पत्र्याचा बॉक्स निघाला. त्यात सिमेंटमध्ये रुतलेल्या दोन वायरी, टोकांना काळी टेप. ओलीने टेपचा डिंक सुटून ती सालीसारखी हातात आली. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी चालू लाईनच भिंतीत गाडली होती.

म्हणून तीन पर्यायांतला बुजवण्याचा पर्याय मी आधीच बाद करते. चालू वायरीचा जोड प्लास्टरखाली जाता कामा नये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात, जोड सैल होऊन तापतो, आणि तो कुठे आहे हे पुढच्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

उरले दोन: ब्लँक प्लेट, म्हणजे बटण-सॉकेट नसलेली कोरी प्लेट, लावून झाकणं, नाहीतर वायरीसकट काढणं. यातलं काय करायचं ते वीज त्या बोर्डात येऊन संपते की तिथून पुढे जाते, यावर ठरतं. सप्लाय बंद करून प्लेट उघडली आणि सॉकेटच्या एकेका टर्मिनलखाली दोन-दोन वायरी दिसल्या, तर बहुधा तिथून पुढच्या बोर्डाला लूप गेलेला असतो. प्रत्येकी एकच असेल तर तो शेवटचा पॉइंट असण्याची शक्यता जास्त. खात्री मात्र वायरमनकडून वायरी तपासूनच करून घ्या.

लूप पुढे जात असेल तर ब्लँक प्लेट बरी. सॉकेट काढायचा, वायरी चांगल्या कनेक्टरने जोडायच्या, बॉक्स जागेवर ठेवायचा आणि वर त्याच मापाची प्लेट स्क्रूने बसवायची. मॉड्युलर प्लेट सहज मिळते. जुन्या लाकडी बोर्डावर हायलमची, म्हणजे विजेच्या बोर्डांना वापरतात त्या कडक लॅमिनेटची, शीट कापून लावता येते. भिंत फोडावी लागत नाही, पुढेमागे पॉइंट परत हवा झाला तर तयार असतो. दिसायला थोडी खटकते, तर भिंतीच्या रंगाशी जुळणारी घ्या. प्लेट कपाटामागे जात असेल तर कपाटाच्या मागच्या प्लायला तिथे खिडकी कापून घ्या. प्लेटपर्यंत हात पोचला नाही, तर ती बुजवल्यातच जमा.

इथे घाईत अर्थिंग राहून जातं. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) जोडले की पुढचा फ्रिज चालू होतो आणि सगळे खूश होतात. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर जोडायची राहिली तरी काहीच बंद पडत नाही. पण पुढच्या वॉशिंग मशीनमध्ये बिघाड झाला की तिच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. म्हणून काम झाल्यावर पुढच्या प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग मल्टिमीटरने तपासून मागा.

शेवटचा पॉइंट असेल, किंवा टाइल्स आणि प्लास्टर फुटणारच असेल, तर मुळापासून काढा. नळाजवळच्या सॉकेटला तर मी दुसरा विचारच करणार नाही. वायर आधीच्या बोर्डातून किंवा एमसीबीवरून (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) सोडवायची, पाइपातून ओढून काढायची, मग बॉक्स काढून खड्डा भरायचा. जुन्या इमारतींत लोखंडी पाइप गंजलेले असतात, वायर तसूभरही हलत नाही. अशा वेळी ती दोन्ही टोकांना सोडवली आणि टोकं नीट झाकली तर भिंतीत राहिली तरी चालेल, कारण ती मेलेली आहे. वायर ॲल्युमिनियमची निघाली तर वाकवताना तुटते. तिथे जोडाजोड करण्यापेक्षा तेवढी लाईन तांब्याची करून घ्या. खर्च आणि धूळ जास्त, पण भिंत खरोखर मोकळी होते.

झाका किंवा काढा, काम सुरू करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणापर्यंत फेज आलेलीच असते, आणि कुणी चुकून बटण न्यूट्रलवर टाकलं असेल तर बंद सॉकेटमध्येही 230 व्होल्ट असतात. एकाच बोर्डावरचा 6 अँपियरचा प्लग दिव्यांच्या लाईनवर आणि 16 अँपियरचा पॉवर लाईनवर असू शकतो, म्हणजे एमसीबी दोन. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद हवा. चाळीत मेन स्विच पॅसेजमध्ये असेल तर तिथे घरातलं माणूस उभं करा, नाहीतर शेजारी "लाईट का गेली" म्हणून वर करून मोकळे. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या तिन्ही जोड्यांवर शून्य येतंय ना ते पाहा, आणि पुन्हा चालू पॉइंटवर बघा. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, गवंड्याचं नाही आणि आपलंही नाही. विजेच्या मीटरजवळचं सील वीज कंपनीचं, त्याला कुणीच हात लावायचा नाही.

पुट्टी मारण्याआधी भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, पाइप वर जातो की आडवा. आमच्याकडे त्या फोटोंची प्रिंट आता डीबीच्या (घरातले एमसीबी असतात त्या पेटीच्या) झाकणाच्या आत चिकटवलेली आहे. बाबांचा फोटो लावायला भाऊ परत स्टुलावर चढला, तेव्हा त्याने आधी ते झाकण उघडलं.