शाळेतला मल्टीस्किल विषय : दोन वर्षांचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

नववीला विषयांचा फॉर्म आला तेव्हा वर्गशिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, मुलगी हुशार आहे तुमची, मल्टीस्किल कशाला घेताय, ते मागे पडणाऱ्या पोरांसाठी असतं." मी दोन दिवस विचार केला आणि तरी घेतलं, खरं सांगायचं तर पोरगी हट्टालाच पेटली होती म्हणून. आता दहावीचा निकाल लागला, म्हणून म्हटलं निवांत लिहावं, जूनमध्ये कुणाला फॉर्म भरायचा असेल त्याला उपयोगी पडेल. शाळेचं नाव लिहीत नाही, तालुक्याच्या गावातली साधी अनुदानित शाळा समजा.

आधी हे आहे काय ते सांगते. शिरूर तालुक्यात पाबळ आहे ना, तिथे डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, शाळा अर्धवट सोडलेली पोरं हाताने काम करत शिकतील म्हणून. तिथला अभ्यासक्रम पुढे शाळांमध्ये आला, आधी त्याला आयबीटी म्हणायचे, म्हणजे इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, नंतर मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स. वर्कशॉप, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असे चार भाग, आठवड्यातला एक दिवस यासाठी, आणि चारही सगळ्यांनी करायचे, म्हणजे मुलांनी वेल्डिंग नि मुलींनी चिक्की असली वाटणी नाही. शिकवायला बरेचदा गावातलाच काम करणारा माणूस असतो. आमच्याकडे वर्कशॉपला जे सर होते त्यांचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्यांना बीएड-बिएड काही नाही, पण पोरं त्यांच्या तासाला घंटेच्या आधी हजर.

पहिली वस्तू पत्र्याची सुपली. पोरीने घरी आणली तेव्हा एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती आणि पोरीचं तोंड पडलेलं. मी म्हटलं अगं चालतंय की, केर भरला म्हणजे झालं. तर म्हणे, "आई, दुमडायला जागाच नाही सोडली मी, माप बरोबर घेतलं पण पत्रा वळतो तिथे किती जातो ते धरलंच नाही." मग रात्री जेवणं झाल्यावर लग्नपत्रिकांचे पुठ्ठे घेऊन बसली, कापायचं, दुमडायचं, उलगडायचं, परत कापायचं, अकरा वाजेपर्यंत. गणिताच्या पेपरात चुकलं की लाल गोळा येतो आणि पेपर दप्तरात जातो, इथे ती फट रोज केर काढताना तिच्या डोळ्यासमोर होती.

आणि इथेच मला चित्रकलेचं महत्त्व कळलं, जे मला आधी अजिबात पटत नव्हतं. इंटरमिजिएट म्हणजे चित्रकलेची सरकारी परीक्षा, तिचा आमच्याकडे सात जादा मार्क एवढाच अर्थ, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३, दहावीत मिळतात, तेवढ्यासाठी सगळे बसवतात. पण त्यात घनभूमिती असते, वस्तू वरून कशी दिसेल, समोरून कशी दिसेल ते काढायचं, आणि ती काढून काढूनच पोरीला आडवा पत्रा डोळ्यापुढे उभा करता यायला लागला. दुसरी सुपली नीट झाली. सर म्हणाले ज्यांचं ड्रॉइंग बरं आहे त्यांचा पत्रा कमी वाया जातो, आणि पत्र्याचे पैसे सरच मोजतात म्हटल्यावर ते उगाच म्हणणार नाहीत.

पुढची वस्तू एक्स्टेन्शन बोर्ड, त्याची गंमत वेगळी. आमचे आबा म्हणजे माझे सासरे, ते तो भिंतीतल्या प्लगला लावूच देईनात, "बाळा, घर जाळशील." तर हिने शाळेत शिकवलेला टेस्टिंग बोर्ड केला होता, सिरीजमध्ये बल्ब असतो बघा, त्यावर आधी लावून दाखवला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो, फ्यूज उडत नाही. बल्ब पेटला नाही. मग आबांनी चष्मा लावून सगळे स्क्रू स्वतः तपासले आणि आता त्यांचा रेडिओ त्यावरच चालतो.

प्रत्येक वस्तूचा खर्चही काढायचा, सामान, वाया गेलेलं सामान, मजुरी सगळं धरून. एक्स्टेन्शन बोर्डाचा खर्च निघाला ४३० रुपये आणि बाजारात तसलाच अडीचशेला. मी हसले, म्हटलं मग कशाला केला? तर बाजारातला हातात घेऊन म्हणे याची वायर बघ, किती बारीक आहे, यावर मोठा हीटर लावून दाखव. गप्प बसले मी.

आता एक स्टार का कापला. अठ्ठावीस पोरं आणि गॉगल तीन. ग्राइंडर एकच, म्हणजे निम्मा दिवस लाईनीत. सामानाची फी जूनमध्ये घेतली आणि ऑक्टोबरमध्ये परत मागितली, पावती नाही. चित्रकलेचे सर रिटायर झाले, जागा भरलीच नाही, शेवटी इंटरमिजिएटची तयारी बाहेर क्लास लावून केली. आणि सगळ्यात राग याचा की दहावीला दिवाळीनंतर वर्कशॉपला कुलूप, का तर सराव परीक्षा. नववीला वेल्डिंगचा रॉड पत्र्याला सारखा चिकटायचा, दहावीच्या पहिल्या सत्रात कुठे जरा सरळ वेल्ड पडायला लागला होता आणि बंद. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे म्हणतात, चांगलंच आहे, पण दहा दिवसांत रॉड चिकटायचा थांबत नाही हो.

निकालाचं म्हणाल तर मल्टीस्किलमुळे बाकी विषयांचं काही बिघडलं नाही, विज्ञानात विजेचा धडा तर तिला वाचावाच लागला नाही जवळपास. ती अकरावी सायन्सच घेतेय, वेल्डर होणार नाहीये, झाली तरी माझी ना नाही, आमच्याकडे चांगला वेल्डर चार दिवस आधी सांगितल्याशिवाय येत नाही.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी फॉर्म भरायच्या आधी वर्कशॉप उघडून दाखवा म्हणावं. टेबलावर धूळ आहे का, आणि गेल्या वर्षीच्या पोरांनी केलेल्या वस्तू कुठे आहेत, एवढं विचारा. कपाटात नव्या कोऱ्या मशिनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या दिसल्या तर दुसरा विषय घ्या. आणि आठवड्यातला तो एक दिवस सूती कपडे, बंद बूट, मुलींनी वेणी घट्ट.

धाकट्याचा फॉर्म पुढच्या वर्षी आहे. त्याचा गॉगल मी आत्ताच आणून ठेवलाय, हार्डवेअरच्या दुकानात शंभरच्या आत मिळतो.