मंगळवार पेठेतलं फायबर कनेक्शन: खांबावरच्या माणसाला पाच तारे, हेल्पलाईनला एक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत इंटरनेट घ्यायचं तर दोनच वाटा. एक तर मोठ्या कंपनीचं घ्या, नाहीतर गल्लीतल्या केबलवाल्याचं, जो वरच्या कंपनीची लाईन घेऊन घराघरांत देतो. माझ्याकडे दुसरं आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. नाव मुद्दाम देत नाही. कंपनी बदलली तरी पेठेतले खांब तेच, बॉक्स तेच, आणि त्यावर चढणारी पोरंही बहुतेक तीच असतात. तेव्हा हा रिव्ह्यू कंपनीपेक्षा सर्व्हिसचा आहे असं समजा.

मी शिष्यवृत्तीच्या मुलांना गणित आणि बुद्धिमत्ता शिकवते. दुपारी पेठेतली मुलं घरी येतात, संध्याकाळी राधानगरी, गारगोटी, गगनबावड्याकडची ऑनलाईन असतात. त्यातल्या बऱ्याच जणांकडे वडिलांचा मोबाईल असतो आणि वडील कामावरून आल्यावरच तो हातात पडतो. त्या तासाभरात माझी लाईन गेली तर तिकडे पोरं उदाहरण अर्धवट टाकून स्क्रीनकडे बघत बसतात. परत जोडलं जाईपर्यंत कुणाचं तरी लक्ष उडालेलं असतं, कुणाचा मोबाईल परत गेलेला असतो. मला किती वेग मिळतो याच्याशी फारसं देणंघेणं नाही. व्हिडिओ क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात. लाईन टिकली पाहिजे, बस्स.

आणि तीच टिकत नव्हती. गणपती झाल्यानंतर हे सुरू झालं. मिनिटभर जाणार, आपोआप येणार, मग तासभर काहीच नाही. पूर्ण बंद पडलेली लाईन बरी, कुणीही येऊन बघतं आणि जोडतं. ही ये-जा करणारी लाईन मात्र नेमकी माणूस बघायला आला की सुतासारखी सरळ चालते.

हेल्पलाईनबद्दल आधी सांगते, कारण तारे तिथेच कापलेत. फोन केला की राऊटर बंद करून चालू करायला सांगतात. ते करून झालंय म्हटलं तरी परत करायला लावतात. त्यानंतर स्पीड टेस्ट. स्पीड टेस्ट ९५ दाखवते, कारण त्या अर्ध्या मिनिटात लाईन चांगली असते. मग ‘मॅडम, तुमच्याकडे स्पीड पूर्ण येतंय’ म्हणून तक्रार बंद. कुणी घरी आलेलं नसताना ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज येतो, याचा मला मनापासून राग आहे. एकदा तर २०० चा प्लॅन घ्या म्हणजे अडचण येणार नाही असं सुचवलं. गळक्या नळाला मोठी टाकी बसवून गळती थांबत नाही.

तुमच्याकडेही असं होत असेल तर फोन करण्याआधी दोष घरात आहे की घराबाहेर एवढं नक्की करून घ्या. त्याला अर्धा तास लागतो आणि पुढचं बोलणंच बदलून जातं. मी असं केलं. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि राऊटरपासून थेट लॅनची वायर लावली. मग काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, दोन पिंग शेजारी शेजारी चालू ठेवले. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का आणि किती वेळात, हे बघायची आज्ञा. एक राऊटरला, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर (तुमचा वेगळा असेल, राऊटरच्या पाठीमागे छापलेला असतो). दुसरा बाहेर, गुगलच्या ८.८.८.८ वर. विंडोजमध्ये शेवटी ‘-टी’ (इंग्रजीत -t) टाकलं की थांबवेपर्यंत पिंग चालू राहतो. आठवीच्या भाच्यानेही हे पाच मिनिटांत शिकून घेतलं.

लाईन गेली तेव्हा राऊटरचा पिंग एक मिलीसेकंदावर शांत चालला होता आणि बाहेरच्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी पडत होत्या. म्हणजे वायफाय सुटलं, वायर सुटली, लॅपटॉप सुटला. दोष राऊटरच्या पलीकडे. राऊटरच्या डब्यावरचे दिवे बघितले तर ‘पॉन’चा, म्हणजे फायबरची लाईन जोडलेली असल्याचा, हिरवा दिवा लुकलुकायला लागलेला आणि ‘एलओएस’चा लाल दिवा क्षणभर पेटून गेलेला. एलओएस म्हणजे फायबरमधून येणारा उजेडच डब्याला दिसत नाही. राऊटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी बाहेरून उजेड आला नाही तर काही होणार नाही.

आणखी एक गोष्ट बघता येते. बहुतेक फायबर राऊटरमध्ये लॉगिन केलं की ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत किती उजेड पोचतो ते, लिहिलेली असते. माझ्याकडे मायनस २८ च्या आसपास होती आणि आकडा हलत होता. हा आकडा उणे असल्यामुळे मायनसच्या पुढची संख्या वाढली तर उजेड कमी झाला असं समजायचं. मायनस २७-२८ नंतर बहुतेक डब्यांना उजेड ओळखणं जड जातं. पेठेत साधारण मायनस २० ते २२ मिळतात. सात डीबीचा (डेसिबल, उजेडाची घट मोजायचं माप) फरक कागदावर थोडका वाटेल, पण तीन डीबी कमी म्हणजे उजेड निम्मा आणि सात कमी म्हणजे जेमतेम एक पंचमांश. त्यात वारं सुटलं आणि वायर हलली की एक पंचमांशही टिकत नाही.

हा आकडा, वेळेसकट दिव्यांचा फोटो आणि पिंगच्या खिडकीचा फोटो मी हेल्पलाईनला न पाठवता थेट आमच्या केबलवाल्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे काम करणारा मुलगा आला. या रिव्ह्यूतले बाकीचे सगळे तारे त्याचे.

आल्याआल्या त्याने राऊटरला हात लावला नाही. पिशवीतून उजेड मोजायचा पॉवर मीटर काढला, राऊटरची पिन उपसून मीटरला लावली. ‘बाई, घरात मायनस अठ्ठावीस पॉईंट सहा.’ मग खाली गेला, शिडी लावली, गल्लीच्या तोंडावरच्या खांबाचा बॉक्स उघडला आणि तिथून ओरडला, ‘इथं एकवीस हाय!’ म्हणजे कपलरपर्यंत (बॉक्समधला एक लाईन अनेक घरांत वाटणारा भाग) सगळं ठीक, सात डीबी खांबापासून माझ्या माडीपर्यंतच्या वायरमध्ये जात होते. फायबरमध्ये किलोमीटरला अर्ध्या डीबीपेक्षाही कमी उजेड जातो, इथे तर गल्लीच्या रुंदीएवढं अंतर. वायर कुठेतरी दबलेली किंवा मोडलेली असणारच.

सापडली ती वळचणीच्या पत्र्याच्या कडेला. तिथे वायर काटकोनात मुरडली होती. त्याचं म्हणणं, मिरवणुकीत मूर्ती जाताना पोरं बांबूने वायरी वर उचलतात, तेव्हा ओढ बसून ती पत्र्यात अडकली असणार. पेठेतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. फायबर तुटल्यासारखी दिसत नाही, वरचं काळं आवरण शाबूत असतं, पण आतली काच नको तितकी वाकली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. डोळ्यांनी बघून हे कळत नाही, त्याला मीटरच लागतो.

त्याने जुनी वायर तशीच सरळ करून बांधली नाही. नवीन ओढली. आणि टोकाला दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर न लावता स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची दोन टोकं वितळवून जोडणारं यंत्र, आणलं. ते काम मी माडीच्या पायरीवर बसून बघितलं. आधी आवरण सोलून केसासारखी काच मोकळी केली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, छोट्या कटरमध्ये धरून टोक कापलं. कापलेला बारीक तुकडा चिकटपट्टीवर चिकटवून ठेवला, कारण तो पायात किंवा बोटात गेला तर दिसत नाही. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर आली, सरकत जुळली, एक निळसर ठिणगी पडली आणि दोन्हीचं एक झालं. पडद्यावर ‘०.०२’ आलं, म्हणजे सांध्यात जवळजवळ काहीच गेलं नाही. मग सांध्यावर नळी सरकवून मशीनच्याच हीटरमध्ये ती आवळून घेतली. पिन आधी मीटरला लावून बघितली, मायनस २१.४, मग राऊटरला लावली.

वायर घरात शिरते तिथे भोकाच्या खाली त्याने थोडा झोल सोडला. पाऊस वायरवरून ओघळत आला तर त्या झोलावरून खाली पडतो, भिंतीत शिरत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जाताना एवढंच बजावलं: हिरव्या पिनेच्या जागी निळी पिन कधी लावू देऊ नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, दोन्ही जोडले तर मध्ये फट राहते आणि उजेड वाया जातो. आणि पिन काढून कुणी, विशेषतः लहान मुलांनी, त्यात डोळा लावायचा नाही. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण लेसरच असतो. माझ्या घरी मुलांची ये-जा असते म्हणून हे इथे ठळकपणे लिहिते.

तेव्हापासून क्लासच्या वेळेत लाल दिवा पेटलेला नाही, वळवाच्या वादळातही.

घरातल्या वायफायबद्दल थोडक्यात. आमचं घर जुनं, भिंती दगडामातीच्या, हातभर जाड. राऊटर माडीवर आणि शिकवायची खोली खाली परड्याच्या बाजूला. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असलं तरी अशा भिंतीतून जात नाही. २.४ चं जातं, पण पेठेत घराला घर लागून आहे, प्रत्येकाचा राऊटर त्याच पट्ट्यात ओरडत असतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मोबाईलवरच्या वायफाय अॅनालायझरमध्ये कुठे गर्दी कमी आहे ते बघून एक निवडा. क्लाससाठी मात्र मी त्या भानगडीत राहिले नाही. राजारामपुरीतून कॅट-६ वायर मीटरवर मोजून आणली आणि माडीवरून खालपर्यंत ओढली. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. खाली जुना राऊटर अॅक्सेस पॉईंट करून लावला, त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करून. केबलवाल्याकडच्या मुलाने हेही लावून दिलं असतं, पण ते त्याच्या सर्व्हिसमध्ये धरलेलं नाही, वेगळे पैसे घेतो. ते योग्यच आहे.

लाईट गेल्यावरही हे कनेक्शन चालतं, हा फायबरचा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता. गल्लीतल्या कपलरला वीज लागतच नाही, तो फक्त उजेड वाटतो. तुमच्या डब्याला आणि केबलवाल्याच्या ऑफिसातल्या मशीनला बॅटरी असली की झालं. आमच्याकडच्या ऑफिसात बॅकअप आहे. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, घेताना अॅडॅप्टरवरचे अँपिअर जुळवून बघा.

कमतरता एक उरते. रात्री नऊनंतर, सगळी पेठ मॅच किंवा सिरियल बघत असते तेव्हा, बाहेरचा पिंग २० मिलीसेकंदांवरून ८०-९० वर जातो. लाईन तुटत नाही, पण जड होते. हा दोष खांबावरचा नाही, वरून घेतलेली बँडविड्थ कमी पडते. केबलवाल्याला सांगितलंय, तो वाढवतो म्हणतोय. मी क्लास नऊच्या आत संपवते म्हणून निभतं. रात्री उशिरा परदेशातल्या क्लायंटशी मीटिंग करणाऱ्यांनी घेण्याआधी शेजाऱ्याकडे जाऊन रात्री दहाला पिंग लावून बघावा, स्पीड टेस्टवर जाऊ नये.

आणि हेल्पलाईनवर तक्रार केलीच तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो. काम न करता तक्रार बंद केली तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मुलगा आला नसता तर मी गेलेच असते.

घ्यावं का? मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, मिरजकर तिकटीच्या आसपास राहत असाल आणि काम संध्याकाळपर्यंतचं असेल तर घ्या. फक्त पैसे देण्याआधी केबलवाल्याला दोन गोष्टी विचारा: तुमच्याकडे पॉवर मीटर आणि स्प्लायसिंग मशीन स्वतःचं आहे का, आणि खांबावर चढणारा माणूस कुठे राहतो. आमचा गल्लीपलीकडे राहतो. म्हणून मी यावेळी महिन्याऐवजी सहा महिन्यांचं रिचार्ज एकदम केलंय.